अडथळ्यांना पाय न लावण्याचे नियम

माणसाची प्रगती अडथळ्यांमुळे झाली, यावर सर्व विचारवंतांचं एकमत आहे. मात्र ते अडथळे कोणाच्या स्मरणार्थ उभारावेत, याबाबत एकाही ग्रंथात मार्गदर्शन सापडत नाही. ही उणीव लातूर-नांदेड युवा निन्जा अडथळा स्पर्धेच्या नियम समितीने भरून काढली. त्याचं बरंचसं श्रेय समितीचे अध्यक्ष अण्णाराव यांना द्यावं लागेल.

अण्णाराव म्हणजे लातूरच्या बाजारातले तुरीचे अडते. निन्जा म्हणजे नेमकं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. (समितीत ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे पहिली बैठक खेळीमेळीत पार पडली.) पण त्यांच्याकडे शहराबाहेर एक भलंमोठं गोदाम होतं आणि घरात शिवांगी होती. ही त्यांची तेरा वर्षांची लेक. लहान असल्यापासून ती गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीवर चढायची, छताच्या लोखंडी दांड्याला लोंबकळायची आणि पलीकडच्या थप्पीवर उतरायची. मोबाईलवर तिने परदेशातली पोरं हेच करून बक्षिसं घेताना पाहिली आणि "पप्पा, आपल्याकडं बी ठेवा की" असा धोशा लावला. तिने एकदा मनावर घेतलं की अण्णारावांचं काही चालत नाही. गोदामातच स्पर्धा ठरली.

स्पर्धेला अडथळे लागतात आणि अडथळ्यांना देणगीदार. आपल्या भागात देणगीदार मिळणं मुळीच अवघड नाही, नाव टाकायला जागा तेवढी हवी. बसस्टँडचे बाक, पाणपोया, शाळांच्या घंटा, बागेतल्या घसरगुंड्या, सगळ्यांवर कोणाचे ना कोणाचे वडील येऊन गेलेले. अशा टंचाईच्या काळात कोरे करकरीत आठ अडथळे म्हणजे पर्वणीच. आठवडा संपायच्या आत ते संपले. मागणी थांबेना म्हणून दोन वाढवले. एका सद्गृहस्थांना आई-वडिलांची सोय एकाच ठिकाणी हवी होती, त्यासाठी लोंबकळत्या कड्या जोडीने बसवल्या.

सगळ्यात शेवटी वाकडी भिंत होती. लांबून पळत यायचं, तिच्या वळणावर पाय मारत वर जायचं आणि माथ्यावरची घंटा वाजवायची. ही भिंत अध्यक्षांनी स्वतः घेतली. औशाच्या पेंटरने तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'लिंगैक्य साखराबाई यांच्या स्मरणार्थ'. साखराबाई म्हणजे अण्णारावांच्या आई, जाऊन, म्हणजे लिंगायतांच्या भाषेत लिंगैक्य होऊन, चार-पाच वर्षं झालेली. नावं ठळक दिसावीत म्हणून पेंटरने ती प्रत्येक अडथळ्यावर अगदी मधोमध काढली, म्हणजे बरोबर जिथे पाय पडतो तिथे.

पहिल्या सरावाला कंधारच्या शिवमने हलत्या फळीवर पाऊल टाकलं, आणि फळीचे देणगीदार, उदगीरचे डाळमिलवाले गुंडप्पा, खुर्चीतून ताडकन उठले.

"आरं ए! माझ्या बापाच्या छातीवर पाय देऊन राहिलास व्हय रं?"

शिवम संस्कारी घरातला. त्याने हलत्या फळीवरच वाकून नावाला हात लावला, हात कपाळाला लावला आणि त्या भानगडीत तोल जाऊन गादीवर आपटला. पडता पडता त्याची लाथ शेजारच्या अडथळ्यावरच्या आजोबांना लागली. मग त्यांचेही नातेवाईक उठले.

समितीची तातडीची बैठक झाली. नावं पुसावीत, अशी एक सूचना आली. ती कोणी केली हे नंतर कोणीच कबूल केलं नाही. नावं बाजूला लिहावीत, असंही निघालं, पण बाजूचं कोण वाचतं, हा प्रश्न रास्त होता. शेवटी पालकांची शास्त्रीय पाहणी करण्यात आली. दर शंभर पालकांपैकी एकशे चार पालकांनी 'वाडवडिलांना पाय लागू नये' असं मत दिलं. (चौघांनी दोनदा दिलं, विषयच तसा जिव्हाळ्याचा होता.) त्यानंतर नियमावलीत पुढील सुधारणा झाल्या.

नियम तीन : स्पर्धकाने पादत्राणे काढावीत.

नियम तीन (अ) : पायही शक्यतो वापरू नयेत.

नियम चार : प्रत्येक अडथळ्यापुढे थांबून नमस्कार करावा. नमस्काराच्या काळात घड्याळ थांबवलं जाणार नाही, कारण घड्याळही एका दिवंगताच्या स्मरणार्थ मिळालं आहे आणि ते बंद पडलेलं घरच्यांना बघवणार नाही.

नियम पाच ही नांदेडची देणगी. तिकडचे प्रतिनिधी शेषेराव फारसं बोलत नसत, पण बोलले की विषय संपे. ते म्हणाले, "पाय लावायचा न्हाई, मान्य. पर बसायला काय हरकत हाय? आख्खं लातूर बसस्टँडावर कुनाच्या ना कुनाच्या बापावर बसूनच गाडीची वाट बघून राहिलंय की." सबब सर्व अडथळे बसून, सरकत सरकत पार करावेत असं ठरलं.

राहिली वाकडी भिंत. ती बसून चढता येत नाही, हे तज्ज्ञांनी (म्हणजे गुंडप्पांनी, स्वतः प्रयत्न करून) सिद्ध केलं. म्हणून नियम सहा असा झाला : भिंतीला कपाळ टेकवणे म्हणजेच भिंत चढणे असे समजण्यात यावे. घंटा काढून खाली, कपाळाच्या उंचीवर बसवण्यात आली.

नियम सहा ऐकून शिवांगी त्या दिवशी जेवली नाही.

"पप्पा, भित्त चढायचीच न्हाई, तर उभी कशाला केली?"

"आगं, आजीचं नाव हाय तिच्यावर."

"आजी तर सोता चिंचेवर चढायची म्हनं."

हे खरं होतं. साखराबाई साठी उलटल्यावरही चिंच झोडायला गडी लावत नसत. पदर खोचून स्वतः चढत, वरूनच सुनेला आमटीत मीठ किती ते सांगत आणि खालून जाणाऱ्या पाहुण्यांना फांदीवरूनच 'शरणार्थ' म्हणत नमस्कार घालत. ती सून म्हणजे अण्णारावांची बायको महादेवी. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आवो, आत्याबाई असत्या तर पैल्यांदा घंटा त्यांनीच वाजिवली असती."

"तू मधी बोलू नको. समोर देणगीदार बसनार हायेत. गुंडप्पाच्या बापाला एक नियम अन् माझ्या आईला दुसरा, आसं कसं जमंल? लोकं तोंडात शेन घालतील."

अण्णारावांना पोरीचं दुःख कळत नव्हतं असं नाही. भिंतीवर रंग चढायच्या आधी, एका सकाळी, त्यांनी शिवांगीला ती चढताना चोरून पाहिलं होतं. ती माथ्यावर पोचली तेव्हा त्यांचा ऊर असा भरून आला की त्यांना तिथेच पोत्यावर बसावं लागलं. आपल्या लेकीला सगळ्या गावाने असं बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. स्पर्धेला होकार त्यासाठीच तर दिला होता. पण नियमांखाली सही त्यांची होती. आणि अडत्याने आपल्या सहीच्या पलीकडे जायचं नसतं, असं ते मानत.

स्पर्धेच्या दिवशी दुपारपर्यंत सत्कार चालले. मग अडथळ्यांना हार घालण्यात आले. मग ज्यांचे सत्कार राहिले होते त्यांचे झाले. त्यानंतर उरलेल्या वेळात स्पर्धा सुरू झाली. पोरं गंभीर चेहऱ्याने येत, वाकत, बसत, सरकत, उठत आणि पुन्हा वाकत. उदगीरच्या रुद्रेशने तर डोळ्यांचं पारणं फेडलं. काय त्याची कंबर, काय तो वाकण्याचा वेग! (तो क्लासचा विद्यार्थी. लातुरात स्पर्धा जाहीर झाली की क्लास निघायला वेळ लागत नाही. 'निन्जा नमस्कार क्रॅश कोर्स'ची दुसरी बॅच तोवर भरली होती.) त्याने भिंतीला कपाळ टेकवलं, घंटा वाजली आणि उदगीरकरांनी फटाके लावले.

शेवटी शिवांगी आली. फळीवर बसून सरकली, कड्यांना हात जोडले, एकही नियम मोडला नाही. भिंतीपाशी जाऊन तिने साखराबाईंच्या नावावर कपाळ टेकवलं, चांगला वेळ घेऊन. तिने घंटा मात्र वाजवली नाही. ती मागे सरकत गेली, आणखी मागे गेली, आणि पळत आली. अनवाणी पाय आजीच्या नावावर पडले आणि बघता बघता ती वर होती.

बायकांनी तोंडाला पदर लावले. माथ्यावर पाय सोडून बसलेली शिवांगी धापा टाकत हसत होती, आणि खाली लाल अक्षरांवर तिची धुळीची पावलं उमटली होती. अण्णारावांचे हात टाळी वाजवायला वर आले. तेवढ्यात सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते हात त्यांनी तसेच जोडले.

"नियमात हाय ते बोला, अण्णाराव," शेषेराव हळूच म्हणाले.

"पप्पा," वरून आवाज आला, "आजीला इचारलं व्हतं का कुनी?"

अण्णारावांनी माईक हातात घेतला. त्यांना आई आठवली, फांदीवर बसलेली. मग त्यांनी 'बाद' असा शब्द उच्चारला, खिशातला रुमाल काढला आणि सगळ्यांच्या देखत लेकीची पावलं पुसून टाकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवांगी खूप वेळ खाली उतरली नाही. रुद्रेशला करंडक मिळाला. (करंडकही कोणाच्या तरी स्मरणार्थच होता, त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.)

आता हे सगळं वाचून ज्यांना अण्णारावांचं हसू आलं, आणि ज्यांनी मनातल्या मनात शिवांगीची बाजू घेतली, त्या सुज्ञ वाचकांना समितीची एक नम्र विनंती आहे. या पानावर लिंगैक्य साखराबाईंचं नाव छापलेलं आहे. पान जमिनीवर ठेवा. चप्पल काढा. कोणी बघत नाहीये याची खात्री करून घ्या आणि त्यावर एक पाय द्या. पाय अडला, किंवा दिल्यावर हात आपोआप कपाळाकडे गेला, तर शिवांगीला बाद करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला असं समजण्यात येईल.