कणकेच्या नाकाची विमानं

नाना स्कूटर चालवताना मधेच दोन्ही हात सोडत. एकटे असताना नाही. मागे कोणी बसलेलं असेल तर आवर्जून. मी पहिल्यांदा त्यांच्या मागे बसलो तेव्हा विद्यापीठाच्या रस्त्याला लागल्याबरोबर त्यांनी हँडल सोडलं आणि दोन्ही पंजे मला दिसतील असे खांद्यांपाशी धरले.

"नाना, हात," मी म्हणालो.

"हात सोडल्याबिगर कळत न्हाई, सर. धरून तर कुनीबी सरळ जातं."

स्कूटर हळूहळू उजवीकडे ओढू लागली. नानांनी हँडल धरलं, स्कूटर बाजूला घेतली आणि मला उतरवलं. जुन्या स्कूटरचं इंजिन उजव्या अंगाला असतं, त्यात मी बसलोही उजवीकडे कलून, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग थोडं डावीकडे सरकून बसायला लावलं आणि पुन्हा हात सोडले. या वेळी स्कूटर सरळ गेली. राहुरीच्या पेठेपर्यंत मी एका मांडीवर बसून होतो आणि नाना समाधानानं शीळ घालत होते.

नानांचं आणि माझं जोडघर. मधली भिंत एक, वरची गच्ची एक. मागे थोडी मोकळी जागा आणि तिच्यापुढे कालव्याचा पाट. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. नाना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी माझ्याकडून एक पुस्तक वाचायला नेलं. विमान हवेत तोल कसा सांभाळतं, ते त्यात चित्रं काढून सांगितलं होतं. पुस्तक परत आलं नाही. पुढे पुढे मीच विचारायचं सोडलं, कारण पुस्तकाचा विषय काढला की नाना ते परत देण्याऐवजी त्यातलं एक प्रकरण तोंडी देत.

ते स्वतः विमानात कधी बसले नव्हते. शिर्डीला विमानतळ झाल्यावर एकदा कोपरगावला जायचं म्हणून निघाले आणि वाट वाकडी करून दिवसभर विमानतळाशेजारच्या काकडी गावाच्या शिवारात उभे राहून आले. काय पाहिलंत, असं विचारलं तर म्हणाले, "शेपट्या."

नानांचं म्हणणं असं, की जग नाकाकडे बघतं. विमान असो, बैल असो की नवरदेव. शेपटीकडे कोणी बघत नाही आणि खरं काम तिचंच असतं. हे पटवायला ते उसाच्या गाडीवर येत. काट्यावर त्यांनी जन्मभर गाड्याच पाहिलेल्या. ऊस मागच्या अंगाला जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरला की ती धुरजड होते, सगळा भार बैलांच्या मानेवर येतो.

"इमान जरासं धुरजडच पायजे," नाना सांगत. "उलाळ इमानाला झुळूक लागली, नाक वर झालं, की ते वरच जातंय. धुरजड असलं की नाक आपसूक खाली येतंय. आता धुरजड म्हनल्यावर ते मुंडी घालंल का न्हाई? घालंल. मग शेपूट काय करतंय? मागनं दाबतंय. धुरजड गाडीला आमी मागं एक गडी लोंबकळत ठिवायचो, तसं."

काट्यावरचे गाडीवान त्यांना म्हणायचे, "नाना, वजन करा. ग्यान घरी न्या." नानांनी ते मनावर घेतलं आणि निवृत्तीनंतर सगळं ज्ञान घरी आणलं.

विमान तीनच तऱ्हेनं हलतं, हे ते मान हलवून शिकवत. मान वरखाली केली की 'व्हय'. डावीउजवीकडे केली की 'न्हाई'. खांद्याकडे कलती केली की 'बघू'. 'व्हय'ची आडवी फळी शेपटीला, 'न्हाई'ची उभी फळीही शेपटीलाच, आणि 'बघू'च्या फळ्या पंखांच्या टोकांना. "सगळी मानसं आन सगळी इमानं ह्या तिन्हीत आली." पाहुण्यांनी चहाला मान कलती केली की नाना आत ओरडत, "पंख कलला गं, अर्धा कप टाक."

एकदा त्यांच्या मेव्हण्याला म्हैस घ्यायची होती म्हणून आम्ही घोडेगावच्या बाजारात गेलो. मेव्हणा कास बघत होता, दात बघत होता. नाना प्रत्येक म्हशीच्या मागे जाऊन उभे राहत आणि एक डोळा मिटून शेपटी रेषेत आहे का ते पाहत. व्यापाऱ्यानं बराच वेळ सहन केलं. मग तो मेव्हण्याला म्हणाला, "पाव्हनं, म्हस दुधाला घ्यायची हाय का हवंत सोडायची हाय?" मेव्हण्यानं नंतर कधीही नानांना बाजारात नेलं नाही. नाना उलट त्याच्याबद्दलच सांगत, "मानूस चांगला, पन लई स्थिर. एवढं स्थिर इमानबी कामाचं न्हाई. वळायलाच मागत न्हाई."

नाना विमानं करत. बांबूच्या काड्या आणि लग्नाच्या मांडवातून आणलेलं थर्माकोल. इंजिन नाही, काही नाही; गच्चीवरून सोडायचं आणि ते तरंगत खाली उतरायचं. त्यासाठी नाकाला वजन लागे आणि ते चिमटीचिमटीनं कमी-जास्त करावं लागे. नानांना यासाठी कणकेसारखं दुसरं काही सापडलं नाही. त्यामुळे माईंच्या परातीतली कणीक रोज थोडी कमी व्हायची. माई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या पोळ्या मोजून करत नसत, पण ओरडत मात्र मोजून, रोज एकदा.

"अवो, मानसांनी खायाचं का इमानांनी?"

"चिमूटभर तर घेतली."

"चिमटी कुनाची हाय ते बघा की."

कणकेच्या नाकात एकच दोष होता आणि तो पुस्तकात दिलेला नव्हता. गावातल्या शाळेनं नानांना स्वातंत्र्यदिनाला बोलावलं. नानांनी आदल्या दिवशी उत्तम तोललेलं विमान गच्चीवर सुकत ठेवलं आणि सकाळी कापडात गुंडाळून नेलं. झेंडावंदन झालं, भाषण झालं. मग नानांनी व्यासपीठावरून विमान सोडलं. ते सरळ वर चढलं, हवेत उभं राहिलं, क्षणभर थांबलं आणि शेपटीवर मागे घसरत मुख्याध्यापकांच्या मांडीत येऊन बसलं. मुंग्यांनी आतून नाक खाल्लं होतं.

नाना डगमगले नाहीत. "नाक गरजेपेक्षा वर केलं," त्यांनी माईकवरून सांगितलं, "की पंखावरची हवा सुटती आन इमान पडतं. हेच दाखवायचं हुतं." टाळ्या झाल्या. येताना मला म्हणाले, "कनकेत हळद घालाया पायजे." त्यानंतर विमानांची नाकं पिवळी झाली.

मग माई पडल्या. पाटावरून घरी येत होत्या, अंगणात भोवळ आली आणि धप्पकन खाली बसल्या. हाड मोडलं नाही, पण उभं राहिलं की घर फिरायचं. डॉक्टरांनी कान तपासला आणि माणसाचा तोल आतल्या कानात असतो, तो बिघडलाय, असं सांगितलं. नानांना हे नवीन होतं. त्यांनी डॉक्टरांना दोनदा विचारलं, "कानात? मागं काईच न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, "औषध थोडं आहे, चालणं जास्त. पण त्यांना धरून चालवू नका. तुम्ही धरलंत तर तोल शिकणारच नाही. हात सोडून चालू द्या."

मी तिथे होतो. नानांच्या आयुष्याचं तत्त्वज्ञान कोणीतरी पहिल्यांदाच त्यांना परत सांगत होतं. नानांनी मान कलती केली. बघू.

माईंना एकच गोष्ट हवी होती. पाटाच्या पलीकडे त्यांची धाकटी बहीण सुमन राहते. मधे एक पूल आहे, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा, आणि त्याचा एका बाजूचा कठडा पडलेला. आजारपणाआधी माई रोज दुपारी त्या पुलावरून बहिणीकडे जात. आता नाना त्यांना स्कूटरवर बसवून लांबच्या रस्त्यानं नेत आणि तिथेच बसून राहत. "दोघी बहिनी काय बोलनार," माई मला म्हणाल्या, "मधी हे शेपूट सांगत बसल्यावर?" त्यांना स्वतःच्या पायानं, एकटीनं, त्या पुलावरून जायचं होतं.

सकाळ-संध्याकाळ नाना त्यांना पाटाच्या कडेनं फिरवत. हात धरून. मनगटाच्या वर, घट्ट. स्कूटरचं हँडल सोडणारा, गरम चहाच्या तबकाखालचा हात काढून बघणारा हा माणूस महिनोन् महिने ते मनगट सोडायला तयार नव्हता. पुलापाशी आले की दोघं थांबत.

"सोडा की आता. डाक्टर काय म्हनले?"

"आज वारा हाय."

"पान हलंना झाडाचं."

"हितं न्हाई. पुलावर असतोय."

आणि परत फिरत. मला हे माझ्या मागच्या दारातून ऐकू यायचं. एकदा मी धीर करून नानांना म्हटलं, की तुमचंच सूत्र आहे, हात सोडल्याशिवाय कळत नाही. नाना मग म्हणाले, "सर, इमान पडलं तर दुसरं करता येतं."

गेल्या दिवाळीनंतर मला नानांचं वय दिसू लागलं. ते जन्मभर दुपारी जेवून झोपणारे. विमानं नेहमी पहाटे उडवत, कारण दुपारची हवा खालीवर होते, तिच्यात काही कळत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. आता ते भर दुपारी उन्हात गच्चीवर उभे दिसायला लागले. हातात विमान, तोंड पाटाकडे. मी वाळलेले कपडे काढायला वर जात असे. ते विमान सोडत नसत, नुसतं धरून उभे असत.

"उडवत का नाही, नाना?"

"वारा हाय."

"मग सकाळी उडवा."

"सकाळी वाराच नसतो."

या उत्तराला अर्थ नव्हता. मी त्यांच्या हातातल्या विमानाकडे बघितलं, त्याचं पिवळं नाक उन्हात तडकलं होतं. नाना कुठे बघताहेत ते मी पाहिलं नाही. कपडे घेऊन खाली आलो आणि मनात म्हटलं, आता म्हातारे झाले.

नाना गेल्या थंडीत गेले. रात्री झोपले ते उठले नाहीत. कार्य झालं, पाहुणे पांगले. भिंतीपलीकडून कणकेबद्दलचं ओरडणं येईना तेव्हा घर किती शांत आहे ते मला कळलं. कपाटात त्यांनी नेलेलं पुस्तक सापडलं म्हणून माईंनी परत पाठवलं. मी ते पुन्हा तिकडे ठेवून आलो.

परवा दुपारी माई माझ्या दारात आल्या. हातात शेवटचं विमान.

"भाऊजी, हे तुमच्याकडं ठिवा. आमच्याकडं मुंग्या लई."

"तुम्ही कुठे निघालात?"

"सुमनकडं जाऊन येते."

"मी रिक्षा बोलावतो."

"रिक्षा कशाला? पुलावरनं जाते की."

मी उभा राहिलो. "एकट्या?"

माई उंबऱ्यावर टेकल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "भाऊजी, मला कवाच जाता येतंय. गेल्या दिवाळीपास्नं. हे दुपारी झोपले की मी निघायची. आधी सुमन पल्याडनं हात पुढं करून उभी ऱ्हायची. मग नुसती उभी. मग म्हनली, ये तुजी तू. च्याच्या टायमाला मी परत घरात."

"मग नानांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर धरलं असतं व्हय मला?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापास्नं त्या मानसानं रस्त्यात कदी माजा हात धरला न्हवता. आता रोज दोन टाइम. म्हनलं, धरू दे."

मी हातातलं विमान टेबलावर ठेवलं, मग पुन्हा उचललं. सांगावं की नाही, ते कळत नव्हतं.

"माई, नाना दुपारी झोपत नव्हते. गच्चीवर असायचे. विमान घेऊन."

"कंदीपास्नं?"

"दिवाळीनंतर. पाटाकडे तोंड करून."

माई समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. नंतर हळूच म्हणाल्या, "तरीच. त्यांच्या चपला तापलेल्या असायच्या. मी म्हनायची, दारात ऊन येत आसंल."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि मागच्या अंगणातून पाटाकडे गेल्या. मी जिना चढून गच्चीवर आलो. तिथून पूल पूर्ण दिसतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माई मध्यावर पोहोचल्या तेव्हा त्यांचा पदर उडाला. त्या किंचित कलल्या, थांबल्या आणि आपल्या आपण सरळ झाल्या. मग त्यांनी वळून वर बघितलं.

मला हात करता आला असता. पण दोन्ही हातांत विमान होतं, आणि वारा होता.