जुना मेंबर बदला!

"नुसती भाषणं ठोकून काय होतंय? मी आधी काम दाखवणार, मग मत मागणार!" असं चावडीसमोर जाहीर करून अभिमन नाना नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. कापसाची दलाली त्यांनी तेवढ्यापुरती गुंडाळून ठेवली.

गिरणा नदीच्या काठचं ते लहानसं गाव. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण नानांच्या गल्लीतल्या गटारीपर्यंत ते पोचलं नव्हतं. पालिकेचा कारभार सुधारायचाच, या ध्यासानं नानांना जेवण गोड लागेना. गल्लीचे मेंबर रुपचंद शेठ मागच्या वेळी निवडून आले ते पुन्हा इकडे फिरकलेच नव्हते. नानांनी गेरू कालवला आणि भिंतीभिंतीवर लिहिलं, 'जुना मेंबर बदला!' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ओरडून सांगितलं.

मग धोतर खोचून, फावडं घेऊन स्वतः गटारीत उतरले!

ओट्यावरून यशोदाबाई किंचाळल्या, "वं माय! नगरपालिकाना माणूस ऊना! ओ भाऊ, आम्हना नळबी दखा!"

नाना खुलले. पाना आणून नळाला भिडले. दुसऱ्या दिवसापासून दारात ही झुंबड! कुणाचा उकिरडा, कुणाचं पिसाळलेलं कुत्रं. दोनच दिवसांत लोक ओरडायलाही लागले.

"काल का नही उनात? आम्ही काय फुकट पट्टी भरतस?"

"दखं?" नाना घरी येऊन बायकोला म्हणाले. "कसा हक्कथून भांडतस! आपला व्हयी गयात!"

सुंदरबाई चिखलाचं धोतर पिळत म्हणाल्या, "त्यास्ले तुम्ही मेंबर वाटतस."

"मंग! आतेपासूनच वाटस!"

सुंदरबाईंनी कपाळावर हात मारला. नानांना वाटलं, घाम पुसला.

रुपचंद शेठ प्रचाराला एकदाच आले. पांढरंशुभ्र धोतर, नाकाला रुमाल. कोपऱ्यावरूनच हात जोडले आणि गेले. "हा कोन पाहुणा?" असं बायका एकमेकींना विचारत होत्या, ते ऐकून नानांनी मिशीवर ताव दिला.

मतदानाच्या दिवशी गल्लीच्या गल्ली लोटली. जो तो नानांच्या पाठीवर थाप मारून जाई. "नाना, काळजी करू नका! आज जुना मेंबरले घरी बसाडतस!" नानांचे डोळे भरून आले.

निकाल लागला. नाना सपाटून आपटले! त्यांच्याच गल्लीतून रुपचंद शेठना धो धो मतं! काही म्हणता काही कळेना. ओट्यावर ते डोकं धरून बसले होते, तेवढ्यात यशोदाबाई आल्या.

"नाना, राग धरू नका. तुम्ही गटार काढी, नळ करा, बठ्ठं खरं. पण तुम्हीच सांगं ना, जुना मेंबर बदला? मंग आम्ही बदली टाका!"

"अहो, मी कुठला मेंबर? मेंबर रुपचंद शेठ होते!"

"तो? त्याले तर आम्ही कधी दखंच नही!" यशोदाबाई हसल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "नळ परत बंद पडना. नवा मेंबरले आते कसाले तरास देवा? बिचारा शिकी हळूहळू. तोवर तुम्हीच दखा ना."

नानांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि धोतर खोचलं.

"सुंदर, पाना कोठे ठेवा वं?"

आतून आवाज आला, "गिरनामा टाकी दिधा!"