पिकल्या केसांचा भागाकार

हुजुरांनी पुसिले की, नगर एक, सरकार एक, हायस्कुले दोन, ऐसे असता टेकडीवरील वरच्या शाळेत दर मुलामागे खर्च दुप्पट आणि ओढ्याकाठच्या खालच्या शाळेत निम्मा होता, हे कैसे? तरी सेवकाने दफ्तर धुंडून, दोहीं शाळांच्या शिक्षकखोल्यांत पाणचट चहा पिऊन, जे खरे ते कलमबंद केले आहे. कोणाची भीडमुर्वत राखिली नाही.

कारण ऐसे की, शिक्षकाचा पगार नोकरीच्या वर्षांनी वाढे, आणि बदली मागण्याचा पहिला मानही ज्याची वर्षे जास्त त्याचाच. वरच्या शाळेत गाड्यांस सावली, खिडक्यांस काचा आणि शिक्षकांच्या संडासास आतून लागणारी कडी, ऐसे तीन बुलंद बुरूज. मग ज्याचे केस पिकले तो अर्ज करून टेकडी चढे, आणि जो काल नेमिला तो ओढ्याकाठी पडे. खडू दोहींकडे तितकाच झिजे. ज्यास दफ्तरात मुलांवरील खर्च म्हणत, तो अवघा पिकल्या केसांचा पगार होता.

खालच्या शाळेत एक तरुण गणितबाई होती, आणि तिची थोरली जाऊ वरच्या शाळेत शिवणबाई, नोकरी एकतीस वर्षे, दरारा त्याहून थोर. दोघी एकाच घरात, एकाच ओट्याशी. खालचा रसायनाचा मास्तर नोकरी पक्की होताच टेकडीवर पसार जाहला होता, आणि शेवटच्या वर्गाची बेचाळीस मुले सत्रारंभापासून बेवारस पडली होती. त्यांत पहिल्या बाकावरील एक मुलगी, जीस नर्स व्हावयाचे. आणि रसायनात पास जाहल्याविना तो दरवाजा उघडत नाही. ती रोज मधल्या सुटीत गणितबाईंस गाठून पुसे, "बाई, आमचे सर कधी येणार हो?"

मग गणितबाईंस त्वेष आला, आणि त्यांनी अकरा पानी अर्ज सिद्ध केला. त्यात दहा पाने दोहीं शाळांच्या खर्चाचे भागाकार, आणि अकरावे पानावर एक ओळ, की रसायनाचा शिक्षक द्यावा. इथेच घात जाहला! शिक्षणाधिकारी, ज्यांस कचेरीत पाठीमागे सरासरीसाहेब म्हणत, ते दहावे पानापर्यंत येऊन ऐसे खूश जाहले की अकरावे उलटिलेच नाही.

आणि फर्मान सुटले की, दर मुलामागे खर्च समसमान करावा. सबब वरचे सात ज्येष्ठ शिक्षक खाली रवाना व्हावे आणि खालचे सहा तरुण वर चढावे. सातवी जागा रसायनाची रिकामी आहे, तीवर शिवणबाईंस बसवावे, कारण जागा शिक्षकाची असते, विषयाची नव्हे. आणि सहा तरुणांत पहिले नाव खुद्द गणितबाईंचे! धन्य ती कचेरी.

ते संध्याकाळी ओट्याशी जे रण माजले त्याचे वर्णन करवत नाही. थोरली कडाडली, "तुला भागाकार करायला कुणी सांगितलं होतं गं?" धाकटी म्हणाली, "अहो जाऊबाई, मी मास्तर मागितला होता, तुम्हाला नव्हे!" त्यावर थोरली, "मग तेवढंच लिहायचं ना! अकरा पानं कशाला नाचवलीस?" मग धाकटी ढसाढसा रडली, की आता त्या पोरांना गणितालाही कोणी नाही; आणि थोरलीचा राग निवला, तोवर भाजी करपली.

दुसरे दिवशी सात ज्येष्ठांची स्वारी टेकडी उतरली. गुडघ्यांस पट्टे, बगलेत खुर्चीच्या उशा, मुद्रा अपमानित. शिवणबाई प्रयोगशाळेत दाखल जाहल्या. पहिल्या बाकावरील मुलगी उठून उभी राहिली आणि पुसती जाहली, "तुम्ही रसायन शिकवणार?"

शिवणबाई चष्मा पुसून म्हणाल्या, "मला यातलं ओ की ठो कळत नाही, पोरी. खोटं कशाला बोलू? पहिला धडा काढ आणि मोठ्याने वाच. मीही ऐकते."

ऐसे चार महिने दोघी लढल्या. मुलगी वाचे, बाई ऐके, आणि जेथे दोघींस कळेना तेथे पान उलटून पुढे कूच होई. धाकटी रात्री पुस्तक उघडून थोरलीस समजावू पाहे, परंतु तिचेही रसायन कॉलेजातच विरले होते. टेकडीवर मात्र रसायनाचे मास्तर दोन, आणि त्यांच्यात तास कोणी घ्यावा यावरून तंटा.

परीक्षा जाहली. बेचाळीसांत नऊ पास, तेहतीस नापास. पहिल्या बाकावरील मुलगी तीन गुणांनी गेली. ती आता शिवणबाईंच्या शिफारशीने कपड्यांच्या कारखान्यात काजे करते, आणि हात फार साफ आहे ऐसे तेथील मुकादम म्हणतो.

सरासरीसाहेबांनी मोहिमेचा अहवाल वर धाडिला, आणि वरून शाबासकी आली. तो अहवाल येणेप्रमाणे: दोहीं शाळांत दर मुलामागे खर्च आता एका पैशाच्या फरकाविना समान, पास जाहलेल्यांवर जितका, नापासांवरही तितकाच. सरकारची फत्ते जाहली.