लॉगिन नावाचा घुसखोर

औषधांच्या गोदामातलं युनिक्सवर चालणारं जुनं संगणक-यंत्र एकाच माणसाचं ऐकायचं. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, जरी यंत्राखेरीज त्यानं कधी कुणाची नाडी बघितली नव्हती. "आणखी एक तक्रार आली की यंत्र भंगारात, आणि तुम्ही घरी," असं साहेबांनी त्याला बजावलं होतं. त्यात जुना मॉडेम वीज पडून जळाला. डॉक्टरनं नवा जोडला, कारण दुकानदार त्यावर फोन लावूनच औषधांची मागणी यंत्रात भरत. जोडून तो चहा घेऊन येतो तर पडद्यावर ओळींची रांगच: नाव चुकीचं, पासवर्ड चुकीचा. पुन्हा नाव चुकीचं, पासवर्ड चुकीचा.

"कुणीतरी आत घुसायला बघतंय," तो पुटपुटला. साहेब नेमके मागेच उभे होते.

"कोण?"

"नाव 'लॉगिन' म्हणून सांगतोय."

"परदेशी दिसतो," साहेब म्हणाले. "आधी टेलिफोनची वायर काढा!"

डॉक्टरनं मॉडेममधून वायर उपटली. ओळी येतच राहिल्या.

"म्हणजे चोर इमारतीतच आहे," साहेबांनी आवाज खाली आणला. तर्कात खोट काढायला जागा नव्हती, त्यामुळे डॉक्टरही घाबरला.

सगळ्यांना हातातली कामं टाकून पुढच्या खोलीत उभं केलं. टेलिफोनवाल्या बाईंना तेवढं फोनपाशी बसू दिलं. कुणाचाच हात टर्मिनलच्या कळांवर नव्हता, तरी ओळी येतच होत्या. साहेबांनी डोकी मोजली. एक कमी भरलं, आणि ते त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचं होतं. हिशेब बघणारे मेहुणे मागच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते. तिथं एक टर्मिनल होतं. टेलिफोनही होता.

साहेबांनी दार ठोठावलं. मेहुण्यांनी रिसीव्हर ठेवून कडी काढली, आणि त्याच क्षणी पडद्यावरच्या ओळी थांबल्या.

"सापडला!" पुढच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं.

"साहेब, या लाइनवर चुकीची नावं फार झाली म्हणून यंत्रानंच ती थोडा वेळ बंद केलीय," डॉक्टर सांगू लागला. पण चोर सापडल्यावर कोण ऐकतो?

मेहुण्यांना सगळ्यांच्या मधोमध खुर्चीत बसवलं. साहेब समोर खुर्ची ओढून बसले. मेहुण्यांना घाम फुटला.

"भावोजी, चुकलं माझं. पण ताईनं शपथ घातली होती."

"ताईनं? यंत्रात घुसायची?"

"कसलं यंत्र? तुम्ही ऑफिसात गोड खाता का, ते रोज फोन करून कळवायची."

साहेबांना मधुमेह होता आणि टेबलाच्या खालच्या खणात केक होता. तेवढ्यात पडद्यावर ओळी पुन्हा सुरू झाल्या. मेहुणे दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते.

डॉक्टर आता नीट वाचू लागला. यंत्र विचारत होतं, "लॉगिन?" उत्तर येत होतं, "लॉगिन." यंत्र म्हणे, "पासवर्ड?" उत्तर, "पासवर्ड." त्यानं मॉडेमचं बटण बंद केलं. सगळं शांत झालं.

"साहेब, चोरबीर कुणी नाही. या नव्या मॉडेमला ऐकलेलं परत बोलायची खोड आहे. यंत्र विचारतं नाव काय, हाही म्हणतो नाव काय. यंत्राला वाटतं, हेच याचं नाव."

"अगदी आमच्या धाकट्यासारखं," टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरनं मॉडेम पुन्हा चालू करून त्याला ऐकलेलं परत न बोलण्याची आज्ञा दिली आणि वायर जोडली. पहिल्याच दुकानाची मागणी सुरळीत आत आली. यंत्र भंगारातून वाचलं, पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

"माझा मेहुणा असून हेरगिरी?" साहेब गरजले.

"तिचा भाऊही आहे ना मी."

"यापुढे इथली एक गोष्ट घरी कळता कामा नये."

"आईशप्पथ, नाही कळणार."

टेलिफोन वाजला. बाईंनी तो साहेबांच्या हातात दिला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "माझ्या भावाला चोर म्हणून खुर्चीत बसवलंत? आणि तो केक कुणाचा?"

मेहुण्यांनी दोन्ही हात वर केले. खुर्चीत बसल्यापासून त्यांनी फोनला हात लावला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. साहेबांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरू लागली. टेलिफोनवाल्या बाई रिसीव्हरची वायर फडक्यानं पुसण्यात गढून गेल्या होत्या. मघाशी, गलका ऐन भरात असताना, त्या पदराआड फोनवर कुजबुजत होत्या. ते डॉक्टरनं पाहिलं होतं.

"डॉक्टर, तुम्हाला काही माहीत आहे?" साहेबांनी विचारलं.

"मला फक्त यंत्रातलं कळतं, साहेब," डॉक्टर म्हणाला. मग बाईंनी त्याच्यासाठी ताजा चहा मागवला.