फोटोतली ताई

मुलांनो, डोळे मिटून कल्पना करा असं मी सांगणार नाही, कारण तुम्ही डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच एक न्हाणीघर समोर आणा. आरशावर वाफ धरली आहे. ती हाताने पुसत एक एकोणीस वर्षांची मुलगी उभी आहे आणि मळक्या कपड्यांच्या टोपलीवर नऊ वर्षांची दुसरी मुलगी पाय हलवत बसली आहे. मोठी ती ताई. धाकटी कधी एका जागी टिकत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पण सकाळची ही पंधरा मिनिटं भिंगरी टोपलीवरून हलत नसे, कारण आरशात तिची रोजची ताई पुसली जाऊन दुसरीच कोणीतरी उमटत असे.

ताईला गॉथिक कपड्यांचा नाद होता. काळा झगा, त्याला झालरीची काळी कॉलर, गळ्याला घट्ट काळा पट्टा, त्याखाली लोंबणाऱ्या दोन साखळ्या, डोळ्यांभोवती जाड काजळ, काळे ओठ आणि भुवयांपर्यंत उतरलेले सरळ केस. एवढं सगळं चढवून ताई कोपऱ्यावर पाव आणायला जायची.

"तुला काळंच का आवडतं गं?" भिंगरीने एकदा विचारलं होतं.

"रंगीत कपडे घातले की लोक कपड्यांबद्दल बोलतात," ताई म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "काळे घातले तरी कपड्यांबद्दलच बोलतात म्हणा. पण निदान मला आवडलेल्या कपड्यांबद्दल बोलतात. आणि काजळ लावलं ना, की मला लोकांशी बोलायची भीती वाटत नाही. त्यांनाच माझी वाटते."

घरात बाकी कोणाला हे आवडत नव्हतं, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. बाबांचं दिव्यांचं दुकान होतं. "मी जन्मभर उजेड विकला," ते म्हणत, "आणि माझीच मुलगी बाजारातून अंधार विकत आणते." आईची तक्रार साधी होती. काळ्या कपड्यांचा रंग जातो, ते वेगळे धुवावे लागतात, आणि वेगळे धुवायचे ही गोष्ट ताई सोडून सगळ्यांच्या लक्षात राहते. आत्या मात्र तत्त्वाची बाई. तीस वर्षं तिने एका कचेरीत लोकांचे अर्ज तपासले होते. "अर्जावरचं अक्षर आणि माणसाचा चेहरा, दोन्ही खाडाखोड न करता असावं," असं तिचं म्हणणं. आता कचेरी सुटली होती, पण तपासणं सुटलं नव्हतं.

तर ताईला व्हायचं होतं जनावरांची डॉक्टर. त्यासाठीची प्रवेशपरीक्षा वर्षातून एकदाच होई. ताईने आठ महिने अभ्यास केला होता. गाईला चार पोटं का असतात हे तिने भिंगरीला इतक्यांदा समजावलं होतं की, भिंगरी जेवताना आपलं कितवं पोट भरलं ते सांगू लागली होती. "कुत्र्यामांजरांनी मला कधी 'अशी का दिसतेस' म्हणून विचारलं नाही," ताई म्हणायची. "मला त्यांच्यातच काम करायचंय."

परीक्षेचा अर्ज ताईने भरला आणि आत्याने तपासला. एकदा नाही, तीनदा. आणि इथेच, मुलांनो, सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे. अर्ज तपासताना कागद हलू नये म्हणून आत्या डाव्या हाताचा अंगठा कोपऱ्यावर दाबून धरायची. तीस वर्षांची सवय. त्याच कोपऱ्यात फोटो होता. तीनदा तपासून आत्याने अर्जातला प्रत्येक स्वल्पविराम पाहिला, फोटो एकदाही पाहिला नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आत्या न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. "आज ते काळं बिळं काही नको. परीक्षा घेणारी माणसं आधी तोंड बघतात."

"आत्या, पेपर तोंडाने नाही लिहायचा."

"नको म्हटलं ना. एक दिवस माझं ऐक, मग वर्षभर तुझं चालू दे."

वर्षभराचा सौदा ताईला बरा वाटला. तिने तोंड धुतलं. आत्याने तिचे केस चापूनचोपून मागे घेतले, दोन वेण्या घातल्या, कपाळावरचे केस सहा पिनांनी वर अडकवले आणि तिला लिंबाच्या रंगाचा पोशाख घालायला लावला. बाहेर आली तेव्हा बाबांनी तिला खालून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "घरात कोणीतरी बल्ब लावल्यासारखं वाटतंय."

दुकानाच्या गाडीतून सगळे निघाले. भिंगरी मागे, तारांच्या भेंडोळ्यांवर. परीक्षा दहाला होती आणि फाटक पावणेदहाला बंद होणार होतं. नऊ वाजता गाडी फाटकाशी पोचली. "बघा, किती वेळ हातात आहे," आत्या समाधानाने म्हणाली.

फाटकावर एक रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यापुढे यादी होती आणि यादीत प्रत्येकाचा फोटो. त्याने ताईचा क्रमांक शोधला, फोटो पाहिला, ताईकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि यादी मिटली.

"ही कोण?"

"ही म्हणजे हीच," बाबा म्हणाले.

"ही ती नाही."

"अहो, माझी मुलगी आहे. मी ओळखतो तिला."

"तुम्ही ओळखता हो. मी फोटो ओळखतो." त्याने यादी उघडून दाखवली. त्यातून काळ्या ओठांची, काजळाच्या डोळ्यांची ताई त्यांच्याकडे रोखून बघत होती. आत्याने तो फोटो आयुष्यात प्रथमच पाहिला.

"कॉलेजचं ओळखपत्र आहे," ताईने घाईघाईने पिशवीतून काढलं. त्यावरही तोच फोटो होता. स्वस्तात पडतात म्हणून तिने त्या दिवशी एक डझन काढून घेतले होते.

"बघा," रखवालदार म्हणाला, "दोन्ही कागदांवर ती आहे आणि समोर ही आहे. मागल्या वर्षी एकाने आपल्या जागी मेव्हण्याला पाठवलं होतं. मी सोडला, आणि नंतर बोलणी मी खाल्ली. आता मला लिहूनच दिलंय, फोटो जुळला तर आत, नाही तर नाही."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. कोणाला नियम सांगायचा असला, कोणाशी वाद घालायचा असला, की घरातून आत्यालाच पुढे करत. आत्याने घसा खाकरला. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली.

"ताई, तू कोणाच्या बाजूने आहेस?" बाबा म्हणाले. आत्या त्यांची मोठी बहीण होती.

"मी त्यांच्या जागी असते तर मीही सोडलं नसतं. फोटो बघ ना तू. ही पोरगी आणि ती पोरगी यात काय सारखं आहे? माझं काम जरा जास्तच छान झालंय."

ताई मटकन फुटपाथवर बसली. "आठ महिने," एवढंच ती म्हणाली.

तेव्हा भिंगरी गाडीतून उतरली. "त्यात काय," ती म्हणाली. "हिला तिच्यासारखी करू. मला सगळं येतं. आधी पावडर."

आता असं बघा, की पावडर आईच्या पिशवीत होती आणि काजळाची डबीही होती. पण बाकीचं सगळं सामान घरी, आणि घर अर्ध्या तासावर. भिंगरीने गाडीकडे बोट केलं. "बाबा, काळी चिकटपट्टी."

"वायरवर लावायची?"

"गळ्याला लावायची. आधी पट्टीच्या चिकट बाजूला दुसरी पट्टी लावा, नाहीतर मानेलाच चिकटेल. आणि झुंबराची साखळी आणा. दोन."

बाबा धावले. तासाभरापूर्वी मुलीच्या तोंडावर उजेड पडला म्हणून खूश असलेला माणूस आता झुंबराची साखळी सोडवत होता. आईने काजळ उघडलं. "डोळ्यांच्या आतून की बाहेरून?"

"आतून, मग बाहेरून, मग पुसल्यासारखं. तेच ओठांना लाव."

आत्या यादीवर वाकली होती. अंगठा या वेळी तिने पाठीमागे ठेवला होता. "वरच्या ओठाला मध्ये टोक आहे," ती म्हणाली. "तू गोल काढते आहेस. पूस ते. आणि डावा डोळा जरा कमी भरलाय."

"तुम्हाला हे आवडत नाही ना?" आई म्हणाली.

"आवडायचा प्रश्न नाही. जुळलं पाहिजे."

वेण्या सुटल्या, सहा पिना निघाल्या. आपल्या मुलांना सोडायला आलेले आईबाप भोवती जमले. एक गृहस्थ हळहळले, "किती गोड मुलगी होती हो. काय करून टाकलंत तिचं."

"का? काय वाईट आहे त्यात?" बाबा साखळी घेऊन उठले. "स्वतः निवडलंय तिने. तुमचा शर्ट कोणी निवडला?"

"बायकोने."

"मग झालं तर."

एक म्हातारी बाई म्हणाली, "मला तर बाई आवडलं. मी तरुणपणी एकदा काळा झगा शिवला होता. सासूबाईंनी त्याच्या उशा केल्या."

उरला झगा. एका मुलाच्या आजोबांनी अंगातला काळा कोट काढून दिला, पण फोटोत झालरीची कॉलर होती आणि रखवालदार बोट ठेवून ती दाखवत होता. कोणाकडेच काळी झालर नव्हती. म्हणजे होती. आत्याच्या हातात होती. कचेरीत लागली त्या वर्षी घेतलेली काळी छत्री, कडेने बोटभर झालरीची, ऊन असो नसो बरोबर असायचीच.

भिंगरी छत्रीकडे बघत होती. आईही बघू लागली. बाबांनी तर तार कापायची पक्कडच आणली होती.

"माझ्याकडे बघू नका," आत्या म्हणाली. मग तिने फुटपाथवर बसलेल्या ताईकडे पाहिलं. ताईने मान खाली घातली होती आणि ती काही मागत नव्हती. "पकडीने नको," आत्या म्हणाली, "धागे निघतील. दाताने टाका तोडा आणि ओढा." आणि पहिला टाका तिने स्वतःच तोडला.

दहाला वीस मिनिटं उरली असताना ताई फाटकापुढे उभी राहिली. रखवालदाराने एकेक गोष्ट ताडून पाहिली. पट्टा, साखळ्या, कॉलर, डोळे, ओठ. तो मान डोलावत होता. मग थांबला.

"फोटोतली हसत नाही."

खरंच होतं. फोटोतली ताई दगडासारखी होती आणि समोरच्या ताईला हसू आवरत नव्हतं. कसं आवरणार? आत्याच्या ओठाला छत्रीचा धागा चिकटला होता आणि नाकावर काजळाचं बोट उमटलं होतं. ताईने ओठ दाबले की गालांतून हसू यायचं, गाल आवळले की खांदे हलायचे.

"अगं, आठ महिने आठव," आई म्हणाली.

"आठवतेय गं. म्हणून तर जास्त येतंय."

"काहीतरी दुःखाचं आठव," बाबा म्हणाले.

ताईने आत्याच्या नाकाकडे पाहिलं आणि पुन्हा फुटली. रखवालदाराने घड्याळ पाहिलं आणि फाटकाच्या कडीला हात घातला. "मला वाईट वाटतंय, पण तीन मिनिटं राहिली."

भिंगरीने एक मोठा श्वास घेतला. "ताई," ती म्हणाली, "तुझे नवे काळे बूट आहेत ना, उंच टाचांचे, तू अजून घातले नाहीस ते. त्यांच्यावर मी चमकी चिकटवलीय."

ताईचे खांदे हलायचे थांबले. "कसली चमकी?"

"गुलाबी."

"एका बुटावर?"

"दोन्ही. खोक्यातली सगळी संपवली."

"कशाने चिकटवलीस?"

"लाकडाला लावतात त्याने."

ताई वळली आणि तिने भिंगरीकडे पाहिलं. काजळातून ते डोळे असे रोखले गेले की, मघाचे ते हळहळणारे गृहस्थ दोन पावलं मागे सरले.

"हां," रखवालदार म्हणाला, "हीच ती." त्याने फाटक उघडलं आणि ताईला आत घेतलं. आत शिरताना ताईने मान वळवून एवढंच सांगितलं, "एक वाजता सुटते मी, भिंगरे. एक वाजता." फाटक बंद झालं.

बाबांनी भिंगरीला उचलून गरकन फिरवलं. "काय सुचलं गं तुला ऐनवेळी. बुटांची थाप मस्त होती."

"थाप नाही," भिंगरी म्हणाली. "खरंच चिकटवलीय."

बाबांनी तिला हळूच खाली ठेवलं. आईने कपाळाला हात लावला, त्यामुळे कपाळावरही काजळ लागलं. सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तीन तास होते.

भिंगरी फुटपाथवर बसून विचार करत होती. आज तिने एक गोष्ट नीट शिकून घेतली होती. तोंड बदललं की सख्ख्या बापाने शपथ घेतली तरी माणूस ओळखू येत नाही. ती उठली आणि आईकडे नाही, बाबांकडे नाही, सरळ आत्यापाशी जाऊन उभी राहिली.

"आत्या, मला अशी करशील का, की ताईला मी ओळखूच येणार नाही?"

आत्याने तिला नखशिखान्त न्याहाळलं, जसा एखादा अर्ज न्याहाळावा. मग झालर गेलेली छत्री काखेत मारली, आईच्या हातातली काजळाची डबी घेतली आणि झाकण उघडलं.

"आधी पावडर ना?" तिने विचारलं.

"आधी पावडर," भिंगरी म्हणाली, आणि तिने डोळे मिटून हनुवटी वर केली.