दत्तोपंतांचे कप्पे

दत्तोपंत जेवून, वामकुक्षी आटोपून चार वाजता दुकानात परतले, तेव्हा भूमिका मेश्राम शाबासकीची वाट पाहत उभी होती. अर्धं शटर पाडून दुपारभर तिने एकटीने वाडीतल्या त्या औषधांच्या दुकानाचे सगळे कप्पे रिकामे केले होते, पुसले होते आणि कॉलेजात शिकवल्याप्रमाणे ए टू झेड लावले होते. डी.फार्म. झालेल्या भूमिकेला दत्तोपंतांनी महिनाभर पारखायला ठेवलं होतं आणि तो महिना आज भरत होता. आता ते "पक्की" म्हणतात की "येऊ नको", याकडे खापरखेड्याच्या वसाहतीत तिची आई माया डोळे लावून बसली होती. शेजारणींना तर मायाने पेढे आधीच कबूल करून टाकले होते.

पण शाबासकी द्यायची तर कप्प्यांकडे पाहायला हवं, आणि दत्तोपंत तिकडे पाहतच नसत. तोंड गिऱ्हाइकाकडे, गप्पा अखंड, आणि हात आपला मागे जाऊन नेमकं औषध घेऊन येई. वाडीत त्या हाताचं फार कौतुक होतं.

पहिलंच गिऱ्हाईक ट्रक चालवणारे देवराव. पोट धरून आले.

"काका, सकाळपासून सात डाव जाऊन आलो! तिकडे अमरावतीचा माल भरून राहिले. काहीतरी द्या लवकर!"

"आत्ता देतो. घरचे बरे आहेत ना?" दत्तोपंतांचा हात मागे गेला आणि डबी घेऊन आला. भूमिकेने ती वरच्या वर झेलली.

"काका, हे पोट साफ व्हायचं औषध हाय!" ती कुजबुजली. "हे घेतलं त देवरावभाऊ गाडीत बसणार नाही."

दत्तोपंतांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. पुढे तुळसाबाई होत्या. त्यांनी गुडघ्याचं मलम मागितलं, हाताने डास पळवायचं दिलं.

"गुडघ्याले डास नाही चावून राहिले बापू," तुळसाबाई म्हणाल्या, "तो दुखून राहिला."

मागची माणसं हसली आणि दत्तोपंतांचा पारा चढला.

"भूमिका! काय करून ठेवलंस हे? जसं होतं तसं लाव!"

भूमिका धावली, पण जसं होतं ते कसं होतं? खोकल्याच्या बाटलीशेजारी बीपीची गोळी होती, कारण एका मास्तरांना दोन्ही लागत. बाळांच्या पावडरीमागे दाढीचं सामान होतं. ते का, ते देवच जाणे. तिने डोकं धरलं.

"काका, आठवून नाही राहिलं."

"मग उद्यापासून येऊ नको!"

भूमिकेचे डोळे भरून आले. पेढ्यांचं आता काय, हाही विचार तिच्या मनात येऊन गेला. तरी ती म्हणाली, "नका ठेवू जी. पण देताना नाव वाचून त द्या. लोकं खाणार हाय ते."

दत्तोपंतांनी झटक्यात डबी उचलली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणखी लांब धरली. शेवटी हात संपला.

"हल्ली कंपन्या शाई वाचवून राहिल्या," ते पुटपुटले.

डबीवरचं नाव अंगठ्याएवढ्या अक्षरांत होतं. भूमिकेच्या लख्ख ध्यानात आलं. काउंटरपाशी सहा माणसं कान टवकारून उभी होती. तिने ओढणीने डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाली, "काका, लाईन मोठी हाय. तुम्ही फक्त नाव सांगा, मी काढते."

मग मात्र काम सुरू झालं. दत्तोपंत नावं सांगत, भूमिका काढून दोनदा वाचून देई. म्हाताऱ्याला काय ठाऊक नव्हतं! "तुळसाबाई, तुम्हाला ॲसिडिटी आहे, दुखण्याच्या गोळीचा हट्ट नको, मलमच बरं." प्रत्येकाचं दुखणं त्यांना तोंडपाठ होतं. आपल्याला हेच काम करायचं होतं, असं भूमिकेला त्या गर्दीत अगदी आतून वाटलं. आणि नेमकी आजच नोकरी गेली होती.

गर्दी ओसरल्यावर दत्तोपंत स्टुलावर बसले.

"तुझ्याआधी चार जण येऊन गेले. चौघांनीही कप्पे लावले."

"मग?"

"मी ओरडलो, की निमूट जसेच्या तसे लावून दिले. सगळं पुन्हा हाताला सापडू लागलं, मग मी त्यांना हाकललं. हुशार पोरं होती."

"अन् मी?"

"तुला काहीच आठवत नाही! आता कुठं काय आहे ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तुला हाकलू कसं?" ते जरा थांबले. आवाज खाली आला. "मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली. ऑपरेशनची भीती वाटते गं. पण आज त्या देवरावाला भलतंच गेलं असतं."

"उद्याच दाखवून या काका. दुकान मी पाहते."

"पाहशीलच. पक्की झालीस ना आता."

भूमिकेने बाहेर येऊन घरी फोन लावला.

"काय वं, झालं का पक्कं?" मायाने पहिल्याच रिंगला विचारलं.

"झालं आई!"

"बाप्पा! असं काय मोठं काम केलं वं तू?"

"सारं दुकान उलथंपालथं केलं, अन् कुठं काय होतं ते विसरून गेली."

पलीकडे मायाने दार लोटून घेतलं.

"बरं," ती म्हणाली, "शेजारणींले मी अभ्यासानं झालं म्हणून सांगते."