सुमनकाकूंचा टांझानिया

सकाळी नऊच्या सुमारास सुमनकाकूंना किती वाजले म्हणून विचारलं, की त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट बघतात आणि शांतपणे सांगतात, "तीन."

घड्याळ बरोबर असतं. काकूही ठणठणीत असतात. लग्नानंतरची बरीच वर्षं त्यांनी टांझानियात काढली, किलिमांजारोच्या पायथ्याशी एका साखर कारखान्याच्या वसाहतीत. काका तिथे इंजिनिअर होते. त्या देशात सूर्य बारा महिने सहाच्या आसपास उगवतो, म्हणून स्वाहिली बोलणारा माणूस तास तिथूनच मोजायला लागतो. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. काकू आता मुलाकडे, निखिलकडे राहतात, नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात. इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत ऊन असतं आणि डिसेंबरात सकाळी साडेआठपर्यंत काळोख. इथल्या सूर्यावर घड्याळ लावायचं तर वेडच लागेल, असं मी एकदा म्हणालो. काकू म्हणाल्या, "सूर्य बिघडलाय तुमचा. घड्याळ कशाला बदलू?"

या घड्याळापायी एकदा निखिलला मीटिंग सोडून धावत यावं लागलं होतं. काकू ब्लडप्रेशर दाखवायला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या गावातल्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. वय बघून डॉक्टरने सहज विचारलं, आत्ता किती वाजलेत? काकू म्हणाल्या, चार. दहा वाजले होते. डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला आणि त्याने मुलाला फोन केला. निखिल पोचेपर्यंत काकूंनी मोडक्या इंग्रजीत डॉक्टरला सगळा हिशेब समजावून दिला होता आणि झांझिबारला जायचा त्याचा विचार आहे हेही काढून घेतलं होतं. "पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला कुणाला लागतो, ते माहीत नव्हतं त्याला नीट," त्या नंतर मला म्हणाल्या. "डॉक्टर आहे!"

टांझानियाला जाणारा माणूस काकूंच्या हाती लागला, की सुटका नसते. यंदा लागलो मी. आमचं घर त्यांच्या घराला चिकटून. मी आणि मुग्धा सुट्टीत सफारीला जाणार, हे कळल्यावर त्यांनी दर शनिवारची सकाळ माझ्याकडून मागूनच घेतली. "पुस्तकातली माहिती पुस्तकात वाच," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून माणसांची घे."

पहिल्याच शनिवारी मी ऐटीत "जांबो" म्हणून नमस्कार केला.

"ते पर्यटकांसाठी," काकू म्हणाल्या. "तू पर्यटक म्हणून चाललायस की माणूस म्हणून?"

मग धडा सुरू झाला. दुकानात शिरून थेट पाणी मागायचं नाही. आधी कसे आहात, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, हे विचारायचं; समोरचाही विचारेल, त्याला उत्तर द्यायचं; मग पाणी. द्यायचं-घ्यायचं उजव्या हाताने. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, बॅगेतून आधीच काढून टाकायच्या. मार्च ते मे मोठा पाऊस, तेव्हा आतले रस्ते चिखलात जातात. भाषेचं भय धरायचं नाही, कारण अर्धी आपलीच: गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बीमा, कचुंबराला कचुंबारी. "विमा उतरवून गाडीतून दुकानात जा आणि कचुंबर खा," काकू म्हणाल्या, "एवढ्यात तुझं पोट भरतंय तिथे."

भेटीची ती लांबण त्या इथल्या सुपरमार्केटातही लावायच्या. मागे रांग ताटकळलेली, आणि काकू गल्ल्यावरच्या मुलीला विचारताहेत, "यू गुड? मदर गुड?" पहिल्यांदा ती पोरगी गोंधळली. नंतर एकदा मी मागेच उभा असताना तिने काकूंना आपणहून सांगितलं की आईचं ऑपरेशन नीट झालं. काकूंना त्यातलं डच किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. रांगेतला मागचा माणूस घड्याळ बघत राहिला.

आम्ही निघायच्या आदल्या आठवड्यात काकूंच्या पलीकडच्या घरातला यान गेला. सत्तरी उलटलेला, सायकलवरून सगळ्यांना हात करणारा माणूस. त्याची बायको कॉरी आणि काकू कुंपणावरून वर्षानुवर्षं एकमेकींना हसायच्या, मेथी आणि रुबार्बचे आंबट देठ द्यायच्या-घ्यायच्या. बोलायला सामाईक भाषाच नव्हती. गुरुवारी अंत्यसंस्काराला आम्ही गल्लीतले सगळे गेलो. हात मिळवले, कॉफी प्यालो, केकचा तुकडा खाल्ला आणि परत आलो. कॉरीच्या दारातल्या फटीतून लोकांनी सांत्वनाची कार्डं टाकली. इथे कुणाकडे जायचं तर आधी अफस्प्राक करतात, म्हणजे वेळ ठरवून घेतात. दुःखाच्या घरी तर कुणी आगंतुक जातच नाही.

शनिवारी माझी शेवटची शिकवणी होती. दार निखिलच्या मुलीने, ईराने उघडलं आणि डचमध्ये सांगितलं की आजी सकाळपासून कॉरीकडे आहे.

मी गेलो. दार कॉरीच्या मुलीने उघडलं. ती युट्रेख्टहून आली होती. मी कुणाचा कोण हे सांगितल्यावर तिने सुटकेचा निःश्वास टाकला. आत कॉरी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती आणि तिच्या पायांशी, जमिनीवर चटई टाकून, भिंतीला टेकून काकू.

"या बाई फार चांगल्या आहेत," मुलगी हळू आवाजात मला म्हणाली. "पण त्या आल्या, एक शब्द बोलल्या, 'पोले' की असं काहीतरी, आणि बसल्या. कॉफी नको म्हणाल्या. त्यांना काय हवंय? किती वेळ बसणार आहेत?"

मी काकूंपाशी खाली वाकलो. "काकू, ती विचारतेय, तुम्ही कधी निघणार."

"सांग तिला, तिची आई जेवली की."

मी सांगितलं. मुलगी म्हणाली, "गुरुवारपासून तिने काही खाल्लेलं नाही," आणि स्वयंपाकघरात गेली. तिने सूप गरम करून आणलं. कॉरीने वाडगा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मी डचमध्ये काहीतरी बोलायला गेलो, तर काकूंनी माझी बाही ओढली. "गप्प बस. बस खाली."

मी बसलो. बऱ्याच वेळाने कॉरीने चमचा उचलला. निम्मं सूप संपवलं, आणि मग ती रडली. मोठ्याने, लहान मुलासारखी. मुलगी तिच्याजवळ गेली. काकूंनी चटई गुंडाळली.

बाहेर आल्यावर त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या. "आमचे हे तिथेच गेले," त्या म्हणाल्या. एरवी काकांचं नाव त्या काढत नसत. "कारखान्यातून चालत आले, पाणी मागितलं, आणि मी तांब्या आणीपर्यंत संपलं होतं. निखिल एवढासा. वसाहतीतल्या बायका आल्या त्या चटया घेऊनच. 'पोले' म्हणाल्या, म्हणजे फार वाईट झालं गं, आणि बसल्या. रात्री माझ्या दोन्ही बाजूंना झोपल्या. एकीने निखिलला अंघोळ घातली, एकीने उजी केली, आपली नाचणीची आंबील असते ना, तशी. मी ती प्यायल्याशिवाय एक बाई हलली नाही."

"आणि इथे..." मी म्हणालो.

"इथली माणसं वाईट नाहीत रे. दार वाजवायला संकोचतात, एवढंच."

त्यांच्या दारापाशी आलो. ईरा मैत्रिणीकडे निघून गेली होती. निखिल आणि सूनबाई आठवड्याची खरेदी असल्या कशात तरी बाहेर होते. काकूंनी किल्ली काढली.

"तुमच्याकडे दिवसा कुणी येतं का हो, काकू?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत हे माझ्या मनात आलं नव्हतं.

"येतात की. कुणी टांझानियाला निघालं, की येतात." त्या हसल्या. "तुझं आता झालं सगळं शिकून. जा, बॅगा भरायच्या असतील. मुग्धा वाट बघत असेल."

त्या आत गेल्या. दार लोटता लोटता त्यांना मी अजून पायरीवरच दिसलो.

"काय रे? काही राहिलं का विचारायचं?"

"नाही," मी म्हणालो आणि बूट काढायला वाकलो. "असाच आलोय."